मदत हवी आहे : व्हार्डीसारखी धाव मुलांना कशी शिकवावी?

नमस्कार मंडळी. शाळेच्या फुटबॉल संघातल्या स्ट्रायकरांचा सराव मी घेतो. सध्या त्यांना इंग्लंडचा स्ट्रायकर जेमी व्हार्डीचे गोल दाखवतोय. शेफील्ड वेन्सडे क्लबने सोळाव्या वर्षी काढून टाकलेला हा पोरगा कारखान्यात काम करत स्टॉक्सब्रिजसारख्या छोट्या क्लबकडून खेळत राहिला. २०१२ मध्ये लेस्टर सिटीने घेतला तेव्हा पंचवीस वर्षांचा होता! पुढे लेस्टरसोबत प्रीमियर लीगचं विजेतेपद, आणि २०१९-२० मध्ये २३ गोल करून गोल्डन बूट, म्हणजे लीगमध्ये सर्वाधिक गोलांचा पुरस्कार.

माझं घोडं अडलंय एका गोलापाशी. नोव्हेंबर २०१५, समोर मँचेस्टर युनायटेड, सलग अकराव्या सामन्यातला गोल. त्याचा सहकारी फुक्सचा पास सुटतो आणि हा उजवीकडून बचावफळीच्या मागे सुसाट निघतो, चेंडू जमिनीलगत दूरच्या कोपऱ्यात मारतो. आमची पोरं एक तर पास सुटण्याआधीच बचावफळीच्या मागे पळून ऑफसाइड होतात, नाही तर थबकतात. हा नुसत्या वेगाचा प्रश्न नाही, असं मला ठाम वाटतं.

नजर पास देणाऱ्याच्या पायावर ठेवायला सांगू की बचावपटूवर? बारा-तेरा वर्षांच्या मुलांकडून असा सराव कुणी करून घेत असेल तर कृपया सविस्तर सांगा. आम्हाला मैदान अर्धंच मिळतं.