मदत हवी आहे: भजन रेकॉर्डिंगसाठी ४ की ८ चॅनलचा ऑडिओ इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडायचा डबा)?
मंडळी, कळव्याला आमचं भजनी मंडळ आहे, पेटी, पखवाज, टाळ आणि दोन गाणारे, सगळ्यांचं एकदमच लॅपटॉपवर रेकॉर्ड करायचंय पण प्रत्येकाचा ट्रॅक वेगळा हवा, नाहीतर पखवाज चढला की बुवांचा आवाज दबतो आणि मग मिक्सिंगला हातात काहीच राहत नाही. दुकानदार यूएसबी मिक्सर घ्या म्हणतोय, पण स्वस्तातले बरेचसे कॉम्प्युटरला दोनच चॅनल देतात ना? इंटरफेसमध्ये बेहरिंगर यूएमसी४०४एचडीत ४ माइक प्रीअँप (माइकचा सिग्नल वाढवणारे भाग) आहेत, यूएमसी१८२० मध्ये ८. पखवाजालाच दोन माइक लागतात, म्हणून मला ८ वालाच बरा वाटतोय. बजेट २५ हजार, सेकंडहँड चालेल. ठाणे-नवी मुंबईत कोणी वापरत असेल तर विंडोजवर ड्रायव्हर नीट चालतो का, लेटन्सी (आवाज उशिरा ऐकू येणं) जाणवते का सांगा प्लीज, जमलं तर प्रत्यक्ष येऊन ऐकेन.