नोटिसा आम्ही वाटतो आणि तेल आमच्याच यार्डातून ओढ्यात जातंय. सुरुवात कुठून करू?

घंटागाडी_नं_४ | २० मे

नमस्कार मंडळी. कृष्णाकाठच्या एका ‘क’ वर्ग नगरपरिषदेत मी स्वच्छता निरीक्षक आहे. गावाचं नाव लिहीत नाही, नोकरी प्रिय आहे.

एप्रिलमध्ये स्टँडमागच्या एका गॅरेजवाल्याला नोटीस दिली. काळं तेल गटारात ओतताना सापडला होता. त्यानं मुकाट सही केली आणि म्हणाला, “साहेब, दोन मिनिटं बसा माझ्या गाडीवर.” मला मागं बसवून त्यानं थेट आमच्याच यार्डाच्या मागच्या भिंतीपाशी आणलं. भिंतीच्या बुडाशी वीतभर भोक आहे. त्यातून काळपट, फेसाळ पाणी बाहेरच्या गटारात पडत होतं. संध्याकाळचे साडेपाच, म्हणजे आमची गाड्या धुवायची वेळ. “नोटिशीची दुसरी प्रत हितं डकवा,” म्हणाला. मला काही बोलता आलं नाही.

यार्डात सात घंटागाड्या, दोन ट्रॅक्टर, एक जेसीबी, मैला उपसायची सक्शन गाडी आणि अग्निशमनचा बंब. धुणं, ग्रीसिंग, ऑईल बदलणं सगळं तिथंच, उघड्या मुरमावर. एका कोपऱ्यात टीसीएल पावडरची (पाणी शुद्ध करायच्या ब्लीचिंग पावडरची) पोती, वर फाटकी ताडपत्री. नालेसफाईचा गाळ भिंतीबाहेर ओढ्याच्या काठावरच टाकलेला. भिंतीमागचं गटार त्याच ओढ्याला मिळतं, ओढा नदीला, आणि तिथून अर्धा किलोमीटर खाली आमचंच जॅकवेल, म्हणजे गावासाठी नदीचं पाणी उचलायची विहीर. मुकादमाला विचारलं तर म्हणतो, “दरवर्षीचंच हाय की. मृगाच्या दोन पावसात यार्ड कसं लख्ख हुतंय.” लख्ख होतं हे खरं आहे.

मुख्याधिकारी म्हणाले, यार्ड काँक्रीट करायचा प्रस्ताव टाका. प्रस्ताव म्हणजे दोन वर्षं. पाऊस आला पंधरा दिवसांवर. गावात भुयारी गटार नाही. हाताशी मुकादम, अकरा माणसं आणि किरकोळ खर्चाचे थोडे पैसे. यात काय जमेल?

बत्तीस_वर्षं_नाल्यात | २० मे

मुंबईत पर्जन्य जलवाहिन्यांच्या कामात हयात गेली, म्हणून अधिकारानं बोलतो. गॅरेजवाल्याला चहा पाजा. असा इन्स्पेक्टर पगार देऊनही मिळत नाही.

पहिलं काम फुकटातलं. कोरड्या दिवशी दुपारी यार्डापासून ओढ्यापर्यंत पायी चालत जा. पाऊस नसताना पावसाळी गटार वाहत असेल तर ते पावसाचं पाणी नाही, बहुतेक वेळा कुणीतरी काहीतरी सोडतंय. प्रत्येक तोंडाशी थांबा, वास घ्या, वहीत लिहा. मग यार्डात पाच-सहा ठिकाणी बादलीभर साधं पाणी ओता आणि ते कुठं पळतं त्या रेषेवर चुना टाका. तुम्हाला एकच भोक दिसलंय. माझ्या अनुभवात भोकं तीन असतात आणि तिसरं साहेबांच्या गाडीखाली असतं.

दुसरं, गाळ. काठावर ठेवलेला गाळ म्हणजे पैसे देऊन काढलेला आणि पावसानं फुकट परत टाकलेला गाळ. यात ठेकेदाराचा तोटा नाही, पुढच्या वर्षी तोच गाळ तो पुन्हा काढतो. गाळ निथळायला एक-दोन दिवस काठापासून लांब, बांध घालून ठेवा, मग उचला. बिल किती मीटर नाला साफ केला यावर काढू नका. काट्यावरच्या वजनावर आणि गाळ टाकल्याच्या जागेच्या फोटोवर काढा. (काट्याच्या पावत्यांतही काय काय चालतं ते मी इथं लिहीत नाही, नातवंडं वाचतात.)

एक खंत सांगून टाकतो. ब्रिमस्टोवॅड म्हणजे मुंबईची पावसाळी गटारं सुधारायची योजना, तिचा अहवाल १९९३चा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर कोसळला, त्यानंतर तो अहवाल सगळ्यांना आठवला. तासाला २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेणारी गटारं ५० ची करायची, पंपिंग स्टेशनं बांधायची. गरजेचंच होतं. पण आमच्या सगळ्या बैठकांत पाणी किती आणि किती वेळात निघेल एवढंच बोलणं. त्या पाण्यात काय आहे हे मला बत्तीस वर्षांत एकाही बैठकीत कुणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही.

घंटागाडी_नं_४ | २२ मे

बादल्या ओतल्या. भोकं दोनच निघाली, पण दुसरं खरंच साहेबांच्या गाडीच्या जागेखाली होतं, दगडी फरशीच्या आड. मुकादम तुमच्या पाया पडायला तयार आहे.

भोकं विटांनी बुजवू का? मग धुण्याचं पाणी यार्डातच तुंबेल.

न्यूजर्सीचा_नंदू | २२ मे

नुसतं बुजवू नका, आधी पाणी कमी करा.

मी मूळचा इस्लामपूरचा. इथं न्यू जर्सीत एका टाऊनशिपच्या पब्लिक वर्क्स खात्यात आहे. तुमच्या भिंतीचं वर्णन वाचून हसू आलं, कारण आमच्याकडं अख्खा एक नियम या भिंतीसाठी आहे. क्लीन वॉटर ॲक्ट १९७२चा. त्यात १९८७ साली दुरुस्ती होऊन पावसाळी गटारांनाही परवाना लागू लागला. १९९०च्या नियमानं मोठी शहरं त्यात आली, १९९९च्या नियमानं आमच्यासारखी छोटी गावं. छोट्या गावांनी सहा गोष्टी करायच्या असतात. पहिल्या पाचांत लोकांना शिकवणं, चोरून जोडलेली गटारं शोधणं, बांधकामावर लक्ष ठेवणं वगैरे येतं. सहावी म्हणजे नगरपालिकेनं स्वतःच्या कामांतून होणारी घाण थांबवणं. लोकांना उपदेश पहिल्या नंबरवर आणि आपलं यार्ड सहाव्यावर, हे तिकडचंच नाही.

आमच्या रोजच्या सवयी सांगतो, त्यांना पैसे लागत नाहीत. तेल सांडलं तर आधी पाणी मारायचं नाही. आमच्याकडं त्यावर मांजराची वाळू टाकतात, तुमच्याकडं वखारीतला लाकडाचा भुसा चालेल. भुसा टाका, खराट्यानं घोळवा, पिऊन घेऊ द्या, मग झाडून वेगळ्या पिंपात. तो भुसा कंपोस्टात किंवा घंटागाडीत जाता कामा नये. गळणाऱ्या प्रत्येक गाडीखाली रात्री पसरट भांडं. गाडी धुण्याआधी कोरडा ब्रश, चाकांचा चिखल खरवडून काढायचा. महिन्यातून एकदा यार्डात फेरी मारून वहीत सही. ती वही बघायला राज्याचा माणूस अचानक येऊ शकतो, म्हणून सगळं चालतं, माणसं फार सज्जन आहेत म्हणून नव्हे. एका जानेवारीत बर्फावर टाकायच्या मिठाचा ढीग शेडबाहेर फाटक्या ताडपत्रीखाली राहिला आणि नेमका तो माणूस आला. त्या आठवड्यात आमच्या बॉसचा आवाज मी पहिल्यांदा इतका खाली गेलेला ऐकला.

घंटागाड्या कचरा कुठं रिकाम्या करतात? तिथं पक्का ओटा असेल तर तिथंच धुवा की.

घंटागाडी_नं_४ | २३ मे

डोक्यातच आलं नव्हतं. कंपोस्ट डेपोवर ओटा आहे, कचऱ्याच्या पाण्याची टाकी आहे, शेजारी मैला प्रक्रिया केंद्रही आहे. गाड्या रोज दुपारी तिथं जातातच. फक्त तिथून धुवून परत यायचं म्हणजे चालकांची सुट्टी अर्धा तास लांबते, त्यावरून काल वाजलं.

खरं_बोलतो_राग_नको | २३ मे

सगळ्या गावाचं सांडपाणी त्याच ओढ्यात जात असणार आणि इथं घमेलंभर तेलावर चर्चासत्र भरलंय. आधी एसटीपी, सांडपाणी शुद्ध करायचं केंद्र, बांधा.

घंटागाडी_नं_४ | २३ मे

जातंय, नाकारत नाही. पण एसटीपी माझ्या सहीनं होत नाही. भोक माझ्या सहीनं बुजतं.

वर्कशॉपमामा | २४ मे

एसटीच्या वर्कशॉपात तीस वर्षं मेकॅनिक होतो. कुणी तेलाचं नीट बोलेना म्हणून लिहितो.

घंटागाड्या डेपोवर धुवा, उत्तम. पण त्या टाकीवर छप्पर आहे का बघा. उघडी असेल तर जूनमध्ये पावसानंच भरून वाहील आणि तुम्ही घाण फक्त तीन किलोमीटर लांब नेलेली असेल. ट्रॅक्टर, जेसीबी, बंब यार्डातच राहणार, त्यांच्यासाठी तेलाचा हौद बांधा. गवंड्याचं तीन दिवसांचं काम आहे. विटांचा एकच लांबट हौद, आतून गिलावा, मध्ये दोन भिंती, म्हणजे तीन कप्पे. पहिल्यात गाळ बसतो. दुसऱ्यात तेल वर तरंगतं. दुसऱ्यातून तिसऱ्यात पाणी न्यायचं ते भिंतीच्या वरून न्यायचं नाही. पाईपला एल्बो लावून त्याचं तोंड खाली, बुडापासून वीतभर वर ठेवायचं. तेल वर राहतं आणि खालचं स्वच्छ पाणी तेवढं पुढं जातं. सगळी अक्कल त्या एल्बोत आहे. आमच्याकडं एकानं तो उलटा, तोंड वर करून बसवला होता आणि वर्षभर तेल थाटात बाहेर जात होतं.

आता पथ्य. साबणाच्या पावडरीनं इंजिन धुतलं की तेल फुटून पाण्यात मिसळतं, दुधासारखं होतं. मग ते तरंगत नाही आणि हौद असून नसल्यासारखा. तुमच्या भोकातून फेस येत होता म्हणालात, तोच रोग. आणि दुसऱ्या कप्प्यातलं तेल दर आठवड्याला डब्यानं काढायला माणूस नेमा. त्याचं नाव भिंतीवर रंगवा, नाहीतर सगळे म्हणतील मला वाटलं तो काढतो.

काळं तेल कुठं जातंय ते शोधलंत का? बहुतेक ठिकाणी सेंट्रिंगवाल्याकडं, स्लॅबखालच्या प्लेटांना काँक्रीट चिकटू नये म्हणून फासायला. डब्याला चार पैसे मिळतात, त्यात यार्डाचा चहा होतो. २०१६च्या नियमांत हे तेल घातक कचऱ्यात मोडतं, ते अधिकृत रिसायकलरलाच द्यायचं असतं, पावती घेऊन. चहाचे पैसे बंद होणार, म्हणून विरोध तिथूनच होईल.

टीसीएलची पोती तेलापासून लांब हलवा, आजच. ती पावडर आणि तेल-ग्रीस एकत्र आलं तर पेट घेऊ शकतं. पाण्यात वाहून गेली तर ओढ्यातले मासे उलटे होतील ते वेगळंच.

बत्तीस_वर्षं_नाल्यात | २४ मे

मामांचा हौद बरोबर आहे. फक्त एक: तिसऱ्या कप्प्याचं पाणी शोषखड्ड्यात सोडू नका. कुणीतरी सुचवेल, स्वस्त पडतं. तेलाचा अंश विहिरीत उतरला की पिढ्या जातात.

घंटागाडी_नं_४ | १४ जून

उशिरा लिहितोय, माफी.

टीसीएल २४ लाच हलवली, जुन्या जकात नाक्याच्या खोलीत, खाली लाकडी फळ्या. घंटागाड्या २७ पासून डेपोवर धुतो. चालकांशी तोडगा असा निघाला की धुणारा चालक सकाळी अर्धा तास उशिरा येणार. टाकीवर छप्पर नव्हतं, मामांचं म्हणणं खरं. जत्रेच्या मंडपाचे जुने पत्रे मारलेत, दिसतं वाईट. गाळाचे अठरा ट्रॅक्टर काठावरून उचलले. ठेकेदारानं दोन दिवस फोन घेतला नाही, बिल अडकवल्यावर तिसऱ्या दिवशी त्याचाच आला.

हौद झाला. गवंड्यानं एल्बो उलटाच बसवला होता. मामा, तुमचा परिच्छेद मी त्याला मोबाईलवर वाचून दाखवला, मग त्यानं फोडून परत केला. काळ्या तेलाचं तुम्ही लिहिलंत तसंच निघालं, सेंट्रिंगवालाच. आता दोन पिंपं कुलपात आहेत, रिसायकलरला पत्र गेलंय, आणि यार्डाचा चहा सध्या माझ्या खिशातून.

८ तारखेला रात्री पहिला जोराचा पाऊस झाला. छत्री घेऊन भिंतीमागं जाऊन उभा राहिलो. भोकं बुजवलेली, पाणी हौदाकडून येत होतं. गढूळ होतं पण बॅटरी मारली तर तवंग नव्हता. दहा मिनिटांनी तवंग दिसला. उलट्या बाजूनं, स्टँडकडून वाहत येत होता. सकाळी गॅरेजवाल्याकडं गेलो, नोटीस न घेता. त्यानं आधी आमचा हौद बघायला मागितला. बघितला, तिसऱ्या कप्प्यात बोट बुडवून वास घेतला आणि विचारलं, भुसा कुठनं आणता.

जेसीबीचा हायड्रॉलिक पाईप अजून गळतोय. बदलायला तीन दरपत्रकं लागतात म्हणे. तोवर खाली घमेलं आहे आणि रोज सकाळी ते मुकादम उचलतो. भिंतीवर त्याचंच नाव रंगवलंय. आडनावात एक वेलांटी चुकली आहे, त्यावरून तो रोज बोलतो.