शब्दचर्चा: आरक्षण, विशेष संधी, भेदभाव – नोकरीतला कायदा मराठीतून शोधताना कोणता शब्द कुठे?

सातपूरकर:
आमच्या भागात, नाशिकच्या सातपूरला, कामगारांच्या मुलामुलींसाठी रविवारी अभ्यासवर्ग चालतो. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे असतात, आयटीआय करून कंपनीत लागलेलेही असतात. त्यांच्यासाठी ‘आरक्षण आणि नोकरीतला भेदभाव: माहिती कुठे शोधायची’ असं चार पानी टिपण करतोय. अडलंय ते शब्दांपाशी. इंग्रजी पुस्तकांत ‘अफर्मेटिव्ह ॲक्शन’ आणि ‘एम्प्लॉयमेंट डिस्क्रिमिनेशन’ हे जोडीनेच येतात. मराठीत पहिल्याला कुणी ‘सकारात्मक कृती’ म्हणतं, कुणी ‘सकारात्मक भेदभाव’, कुणी सरळ ‘आरक्षण’. दुसऱ्यासाठी भेदभाव, पक्षपात, दुजाभाव, सापत्न वागणूक असे कितीतरी शब्द आहेत. मराठीतून शोधलं की मोर्चे आणि भाषणांच्या बातम्या वर येतात, कायदा काही हाती लागत नाही. कायद्याच्या मराठीत नेमके कोणते शब्द आहेत? मुलांना काय टाइप करायला सांगू?

वकीलवाडी:
सातपूरकर, या दोन शब्दांची जोडी अमेरिकेतली आहे, ती तशीच इकडे आणली की गोंधळ होतो. तिथे ‘अफर्मेटिव्ह ॲक्शन’ हे शब्द 1935 च्या कामगार कायद्यातही आहेत. तिथे त्यांचा अर्थ एवढाच की संघटनेत गेला म्हणून काढून टाकलेल्या कामगाराला मालकाने पुन्हा कामावर घ्यावं, म्हणजे झालेलं नुकसान भरून काढणारी कृती. आजचा अर्थ 1961 मध्ये केनेडींच्या आदेशाने रुळला आणि 1965 मध्ये जॉन्सन यांच्या 11246 क्रमांकाच्या आदेशाने पक्का झाला. सरकारी कंत्राट घेणाऱ्या कंपन्यांनी वंश, वर्ण, धर्म पाहून कुणाला डावलू नये आणि डावलल्या गेलेल्यांना आत आणण्यासाठी स्वतःहून प्रयत्न करावेत, असा तो आदेश होता. जानेवारी 2025 मध्ये तो रद्द झाला. 1964 च्या नागरी हक्क कायद्यातला नोकरीतल्या भेदभावाला मनाई करणारा भाग मात्र तसाच आहे. तो 15 किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या खासगी मालकालाही लागू होतो.

आपल्याकडे याची रचनाच वेगळी. संविधानाच्या मराठी प्रतीत अनुच्छेद 15 मध्ये ‘विशेष तरतूद’ असा शब्द आहे आणि अनुच्छेद 16 चा मथळा ‘सार्वजनिक सेवायोजनाच्या बाबींमध्ये समान संधी’ असा आहे. त्यातलं ‘सार्वजनिक’ मुलांना अधोरेखित करायला सांगा, सगळी मेख तिथे आहे. 16(4) मध्ये पदं राखून ठेवण्याची मुभा आहे, ती राज्यसंस्थेला. सातपूर-अंबडच्या खासगी कारखान्याला अनुच्छेद 16 थेट लागू होत नाही.

म्हणून अमेरिकेबद्दल लिहिताना ‘सकारात्मक कृती’ चालेल, भारताबद्दल लिहिताना ‘आरक्षण’ किंवा ‘विशेष तरतूद’ म्हणा. ‘सकारात्मक भेदभाव’ मात्र कृपा करून टाळा. मराठीत भेदभाव हा दोषाचाच शब्द आहे, मागे कितीही चांगलं विशेषण लावा. शिवाय तो कायद्यालाही धरून नाही. केरळ राज्य विरुद्ध एन. एम. थॉमस या 1975 च्या निकालापासून सर्वोच्च न्यायालयाची भूमिका अशी आहे की 16(4) हा समानतेला केलेला अपवाद नाही, तो समानतेचाच भाग आहे. 1992 च्या इंद्रा साहनी निकालानेही तेच धरलं.

गंगापूररोड:
‘विशेष संधी’ हा शब्दही विसरू नका. समाजवादी मंडळींच्या बोलण्यात तो भरपूर असायचा. ‘सवलत’ मात्र काढून टाका. फी माफ होणं ही सवलत. राखीव पदावरची नेमणूक ही सवलत नाही, त्या पदाची पात्रता पूर्ण करूनच माणूस तिथे येतो.

निवृत्त_नाशिकरोड:
मी आस्थापनेत नोकरी काढली, त्यामुळे शासकीय मराठीतले शब्द सांगतो. नुसतं ‘आरक्षण’ टाकून शोधलं तर बातम्याच येणार. कार्यालयात ज्या शब्दांनी कागद फिरतो तेच शब्द टाका.

पहिला शब्द ‘बिंदुनामावली’, म्हणजे रोस्टर. संवर्गातल्या, म्हणजे एकाच प्रकारच्या पदांच्या गटातल्या, पदांना क्रमाने बिंदू दिलेले असतात आणि कोणता बिंदू कोणत्या प्रवर्गाचा ते ठरलेलं असतं. भरतीआधी ही बिंदुनामावली ‘मावक’कडून तपासून घ्यावी लागते. मावक म्हणजे मागासवर्ग कक्ष, आपला नाशिकरोडला विभागीय आयुक्त कार्यालयात आहे. ‘जाहिरातीत आमच्या प्रवर्गाची जागाच का नाही?’ असं मुलं विचारतात, त्याचं उत्तर बहुतेक वेळा या बिंदुनामावलीत सापडतं.

दुसरा ‘अनुशेष’. राखीव पदं न भरल्याने साचलेली बाकी. तिसरा ‘समांतर आरक्षण’, ज्याला आडवं आरक्षणही म्हणतात. महिला 30 टक्के, दिव्यांग 4 टक्के, शिवाय माजी सैनिक, खेळाडू, प्रकल्पग्रस्त, अनाथ वगैरे. हे प्रत्येक सामाजिक प्रवर्गाच्या आतून जातं. शोधताना ‘समांतर आरक्षण 13 ऑगस्ट 2014’ असं टाका, सामान्य प्रशासन विभागाचं परिपत्रक मिळेल. त्यात 19 डिसेंबर 2018 ला सुधारणा झाली, दोन्ही सोबत वाचायची. एकटं 2014 चं वाचून वाद घालणारे पुष्कळ भेटतात.

शासन निर्णयाचा संकेतांक कसा वाचायचा तेही टिपणात घाला. तो लांबलचक आकडा असतो, त्यातले पहिले आठ अंक म्हणजे वर्ष, महिना, दिवस. व्हॉट्सॲपवर अर्धवट कापलेला ‘जीआर’ आला तर संकेतांक बघायचा, शासनाच्या संकेतस्थळावर टाकायचा, आणि तिथे मिळाला तरच खरा मानायचा. आरक्षणाच्या पुष्कळ निर्णयांचा क्रमांक ‘बीसीसी’ने सुरू होतो आणि ‘16-ब’ने संपतो. 16-ब हे कार्यासन, म्हणजे विभागातला तो विषय पाहणारा कक्ष. ही दोन अक्षरं माहीत असली की चाळणं सोपं जातं.

मूळ कायदा राज्याचा आहे, 2001 चा लोकसेवा आरक्षण अधिनियम. तो 29 जानेवारी 2004 पासून लागू झाला. त्यातली टक्केवारी: अनुसूचित जाती 13, अनुसूचित जमाती 7, विमुक्त जाती (अ) 3, भटक्या जमाती (ब) 2.5, (क) 3.5, (ड) 2, विशेष मागास प्रवर्ग 2, इतर मागास वर्ग 19. बेरीज 52. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांचे 10 आणि 2024 च्या कायद्याचे सामाजिक व शैक्षणिक मागास वर्गाचे 10 हे त्यापुढचे. 2024 च्या कायद्याला न्यायालयात आव्हान दिलेलं आहे. आणि नाशिककरांनी लक्षात ठेवायची गोष्ट: आदिवासीबहुल जिल्ह्यांत जिल्हास्तरीय गट क आणि गट ड पदांसाठी टक्केवारी वेगळी असते, आपला जिल्हा त्यात येतो. पुण्याच्या मुलाने केलेला तक्ता नाशिक जिल्हा परिषदेच्या भरतीला लावू नका.

सिन्नरची_लेक:
काका, एक भर. वर्गातली मुलं ओझरच्या विमान कारखान्यात किंवा नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमध्येही अर्ज करतात. तिथे केंद्राचे नियम. अखिल भारतीय खुल्या स्पर्धेच्या भरतीत अनुसूचित जाती 15, जमाती 7.5, ओबीसी 27, आर्थिक दुर्बल 10. केंद्रात भटक्या जमाती असा प्रवर्गच नाही. आमच्याकडे वंजारी मुलं राज्याच्या अर्जात ‘भ.ज. ड’ लिहितात, केंद्राच्या अर्जात त्यांना ‘ओबीसी’ लिहावं लागतं आणि दाखलाही केंद्राच्या नमुन्यातला लागतो. धनगरांचं तसंच, राज्यात ‘भ.ज. क’, केंद्रात ओबीसी.

‘नॉन क्रीमी लेयर’ला कागदावर ‘उन्नत व प्रगत गटात मोडत नसल्याचे प्रमाणपत्र’ म्हणतात. सेतूत सगळे ‘नॉनक्रिमिलियर’च म्हणतात, पण शासन निर्णय शोधायचा तर ‘उन्नत व प्रगत’ टाकावं.

निवृत्त_नाशिकरोड:
बरोबर. त्यातच आणखी एक: बाकी प्रवर्गांची ‘जात प्रमाणपत्र पडताळणी समिती’ असते, तिचं कार्यालय नासर्डी पुलाजवळ सामाजिक न्याय भवनात. अनुसूचित जमातींची असते ‘प्रमाणपत्र तपासणी समिती’, ती आदिवासी विकास विभागाकडे. पडताळणी आणि तपासणी या एका शब्दाच्या फरकाने पोरं चुकीच्या दारात उभी राहतात.

अंबडताई:
सगळी चर्चा सरकारी नोकरीवर चाललीय, म्हणून लिहिते. मी अंबडला एका कारखान्यात होते. पॅकिंगला बायका, तेच काम पुरुषानेही केलं तर त्याच्या पगारपत्रकावर ‘हेल्पर’ लिहायचे आणि आमच्या पत्रकावर ‘पॅकर’. पाळी तीच, उभं राहणं तेच, रोज मात्र वेगळा. ‘नोकरीत भेदभाव कायदा’ असं मी शोधलं तर सगळं आरक्षणच आलं. मला आरक्षण नको होतं, माझ्या कामाचे पैसे हवे होते. आमच्यासारखीने कोणता शब्द टाकायचा?

वकीलवाडी:
ताई, तुमचा शब्द ‘समान पारिश्रमिक’. 1976 च्या अधिनियमाचं नावच ते होतं. आता त्याची जागा ‘वेतन संहिता 2019’ने घेतली आहे, ती 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. तिचं कलम 3 काढून वाचा, मोजक्या ओळींचं आहे. सारखं किंवा सारख्या स्वरूपाचं काम असेल तर वेतनात लिंगावरून भेदभाव नको, आणि भरती करतानाही नको. त्यातली मला सर्वांत मोलाची वाटते ती ओळ अशी की बरोबरी करण्यासाठी कुणाचंही वेतन कमी करायचं नाही. जास्तीचा खाली आणून सारखेपणा दाखवता येत नाही. ‘हेल्पर’ आणि ‘पॅकर’ अशी नावं वेगळी ठेवली म्हणून सुटका होत नाही, कारण कायदा काम बघतो, पदनाम नाही. कौशल्य, श्रम, अनुभव, जबाबदारी सारखी आहे का, हे त्यात तपासलं जातं.

खासगी नोकरीतल्या भेदभावाला आपल्याकडे अमेरिकेसारखा सगळं पोटात घेणारा एक कायदा नाही. म्हणून ‘भेदभाव’ एवढं टाकून भागत नाही, भेदभाव कशावरून झाला ते टाकावं लागतं. कामावर लैंगिक छळ झाला तर 2013 चा अधिनियम, शोधायचा शब्द ‘अंतर्गत समिती’. दहापेक्षा कमी माणसं असतील तर किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर ‘स्थानिक समिती’, ती जिल्ह्याची. दिव्यांगांसाठी 2016 चा अधिनियम. त्यात गरजेची रास्त सोय नाकारणं हाही भेदभाव धरला आहे, आणि समान संधी धोरण खासगी आस्थापनेलाही करावं लागतं. एचआयव्हीसाठी 2017 चा, तृतीयपंथीयांसाठी 2019 चा. अस्पृश्यतेच्या कारणावरून काम नाकारलं तर 1955 चा नागरी हक्क संरक्षण अधिनियम, कलम 4. हा कायदा खासगी मालकालाही लागू आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

कामगार असाल तर राज्याचा 1971 चा कायदाही बघा. त्यातला शब्द ‘अनुचित कामगार प्रथा’. गुणवत्ता न बघता एका गटाच्या कामगारांना झुकतं माप देणं ही अनुचित प्रथा म्हणून चौथ्या अनुसूचीत आहे. तक्रारीला 90 दिवसांची मुदत आहे, ती आधी मोजा.

वकील परवडत नसेल तर ‘जिल्हा विधी सेवा प्राधिकरण’, सीबीएसजवळ जिल्हा न्यायालयात. महिलांना, अनुसूचित जाती-जमातींना आणि औद्योगिक कामगारांना 1987 च्या कायद्याने मोफत वकील मिळतो. यांच्यापैकी कुणालाच उत्पन्नाची अट नाही.

गंगापूररोड:
‘पक्षपात’ आणि ‘दुजाभाव’ यांचं काय ठरलं? माझ्या मते पक्षपात हा निवाडा करणाऱ्याचा दोष. परीक्षक, पंच, न्यायाधीश पक्षपाती असतात. दुजाभाव हा घरातला शब्द, दोघांना आपलं म्हणायचं आणि एकाला परकं वागवायचं. दोन्ही सुंदर आहेत, पण त्यात हेतू गृहीत धरलेला असतो.

वकीलवाडी:
अगदी नेमकं. कायद्याला ‘भेदभाव’ हवा असतो तो त्यासाठीच, कारण तो हेतूशिवायही होतो. नियम सर्वांना सारखा, पण त्याचा फटका एकाच गटाला, याला ‘अप्रत्यक्ष भेदभाव’ म्हणतात. अमेरिकेत 1971 च्या ग्रिग्ज विरुद्ध ड्यूक पॉवर खटल्यात हे आलं. हमालीसारख्या कामापलीकडच्या जागांसाठी कंपनीने शाळेचा दाखला आणि चाचण्या लावल्या, कामाशी त्यांचा संबंध दिसत नव्हता आणि बाहेर पडत होते मुख्यतः कृष्णवर्णीय. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2021 मध्ये सैन्यातल्या महिला अधिकाऱ्यांच्या नितीशा खटल्यात अप्रत्यक्ष भेदभाव मान्य केला, ग्रिग्जची चर्चा करून; कसोटी मात्र कॅनडाच्या फ्रेझर खटल्यातली घेतली. दुजाभाव म्हटलं की मालक म्हणतो, ‘माझ्या मनात तसं नव्हतं’. अप्रत्यक्ष भेदभावात मनात काय होतं हा प्रश्नच येत नाही.

सिन्नरची_लेक:
मला ‘ओपन’बद्दल म्हणायचंय. आमच्या वर्गात सर्रास म्हणतात, ‘ओपनची जागा आहे, तुझी नाही.’ जाहिरातीत शब्द ‘अराखीव’ असतो. अराखीव म्हणजे कुणासाठीच राखून न ठेवलेली, गुणांवर कुणीही घ्यावी अशी. सौरव यादव खटल्यात डिसेंबर 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट सांगितलं, महिलांच्या समांतर आरक्षणाच्या संदर्भातही. ओबीसी मुलीला अराखीव महिला जागेइतके गुण असतील तर ती जागा तिला नाकारता येत नाही. टिपणात ‘ओपन कॅटेगरी’ लिहू नका सातपूरकर दादा, ‘अराखीव’ लिहा. ‘ओपन’ला आता जातीचं नाव असल्यासारखं वापरतात आणि हुशार मुली अर्जच भरत नाहीत.

सातपूरकर:
सगळ्यांचे मनापासून आभार. टिपणाचे दोन भाग करतो, सरकारी आणि खासगी, आणि प्रत्येक प्रश्नापुढे शोधायचा शब्द. शेवटचं विचारतो. बिंदुनामावली कार्यालयात ‘बघायला मिळणार नाही’ म्हणून परत पाठवतात. माहिती अधिकारात मागताना शब्दरचना कशी करायची?

निवृत्त_नाशिकरोड:
‘आरक्षणाची सर्व माहिती द्यावी’ असं लिहिलंत की ‘माहिती विस्तृत आहे’ असं उत्तर आलंच म्हणून समजा. राज्याच्या नियमाने अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत हवा. जोडपत्र ‘अ’ या अर्जाच्या नमुन्यात, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून असं लिहा:

‘आपल्या आस्थापनेवरील (संवर्गाचे नाव) या संवर्गाची मागासवर्ग कक्षाने तपासलेली अद्ययावत बिंदुनामावली, तपासणीच्या शेऱ्यासह, साक्षांकित छायाप्रत. तसेच याच संवर्गातील मंजूर, भरलेली व रिक्त पदे आणि अनुशेष यांची प्रवर्गनिहाय संख्या दर्शवणाऱ्या विवरणपत्राची प्रत.’

‘का भरली नाहीत’ असं विचारू नका, कारण विचारलं की उत्तर टाळायला वाव मिळतो. कागद मागा. पोच घ्या, 30 दिवस मोजा, नाही आलं तर त्याच कार्यालयातल्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे अपील करा. अंबडताई, कामगार आयुक्त कार्यालयात तुम्ही तक्रार दिली असेल तर तिचं पुढे काय झालं, हेही याच अर्जाने मागता येतं. तिथे ‘तक्रारीवर झालेल्या कार्यवाहीच्या टिपणीची प्रत’ असा शब्द वापरा.