पक्षीनिरीक्षक नेमकं म्हणायचं कोणाला? यादीवाल्यांना, कॅमेरेवाल्यांना की नुसत्या बघ्यांना?

अष्टागरकर
थंडी सुरू झाली की आमच्या अलिबागजवळच्या अक्षीच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीच्या वेळा बघून गाड्या येऊन लागतात. पक्षी येतात, त्यांच्यामागून माणसं येतात. येऊ देत. पण या माणसांचे प्रकार आता मला सुरूच्या बनातूनच ओळखू येतात.

एक यादीवाले. पहाटे मुंबईहून निघून आल्या आल्या विचारणार, "ऑयस्टरकॅचर कुठे बसलाय?" दिसला, मोबाइलवर नोंद झाली, की चला रेवदंड्याला. डोक्यावरून ब्राह्मणी घार गेली तर मानसुद्धा वर होत नाही, कारण ती त्यांची 'झालेली' असते. दुसरे कॅमेरेवाले. कुरव वाळूवर शांत बसलेत, तर यांच्यातला एक मुद्दाम पळत जातो आणि बाकीचे उडत्या थव्याचे फोटो काढतात. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पाखरांना भरतीच्या वेळी टेकायला जेमतेम वाळूची पट्टी उरते, तिथूनही यांनी उठवायचं.

तिसरे आम्ही, नुसते बघणारे. जागा ठरलेली, दुर्बीण जुनी, पक्षी तेच ते. जवळच्या किहीमला सलीम अलींनी १९३० च्या सुमारास सुगरणींची वसाहत अशीच चिकाटीने बघितली. नर घरटं अर्धं विणून थांबतो. माद्या येतात, आत शिरून पारख करतात. एखादीला पटलं तर तो उरलेलं पुरं करतो आणि दुसऱ्या मादीसाठी लगेच दुसरं विणायला घेतो. टिक करत हिंडणाऱ्याला हे कधी दिसलं असतं?

माझ्या मते पक्षीनिरीक्षक हे नाव फक्त या तिसऱ्यांना शोभतं. बाकीचे पर्यटक. बोला.

यादीवाला_रत्नांग्री
बोलतो. तुम्ही दोन वेगळी माणसं एकात कालवलीत. 'लाइफर'च्या, म्हणजे आयुष्यात पहिल्यांदाच दिसणाऱ्या पक्ष्याच्या मागे राज्यभर धावणारा वेगळा आणि ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर संपूर्ण यादी देणारा वेगळा. संपूर्ण यादीचा नियमच असा की ओळखलेला प्रत्येक पक्षी लिहायचा, कावळे-साळुंक्यांसकट, आणि जमेल तसा आकडाही टाकायचा. भाट्याच्या पुलापाशी मी कावळे मोजत उभा असतो तेव्हा रिक्षावाले थांबून विचारतात, "काय हरवलंय काय?" तुमची ब्राह्मणी घारही त्या यादीत असते, मान वर करूनच लिहिलेली.

त्याचा उपयोग काय, तर २०२३ चा 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' अहवाल. सुमारे ३०,००० पक्षीनिरीक्षकांच्या ३ कोटी नोंदी, ९४२ जातींचा आढावा. दसऱ्याला ज्याचं दर्शन शुभ मानतात तो नीलपंख देशभरात कमी होतोय, हे अशा याद्यांमुळे आकड्यांत दिसलं. एका जागी बसून ते कळत नाही. अक्षीबद्दल तुम्हाला जे ठाऊक आहे ते कुठे लिहून ठेवलंय का? नसेल तर ते तुमच्याबरोबरच जाणार, रागावू नका.

खाडीवरची_घार
+१. कावळे मोजणारी इथे आणखी एक.

सहाशे_एमएम
थवे उडवणाऱ्यांची बाजू मी घेणार नाही, त्यांना किनाऱ्यावरून हाकलून द्या. पण सलीम अलींचं नाव घेताय म्हणून सांगतो, त्यांनी आयुष्यात कितीतरी पक्षी बंदुकीने पाडले. तेव्हा नमुना हातात घेतल्याशिवाय अभ्यास होत नसे. आज ते काम बऱ्याच अंशी कॅमेरा करतो. किनाऱ्यावरच्या पाखरांच्या पायात बीएनएचएसने (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने) अडकवलेले रंगीत फ्लॅग असतात, त्यावर बारीक अक्षरं. भित्रा पक्षी, वर वाळूवरून उठणारी वाफ. तुमच्या जुन्या दुर्बिणीतून ती अक्षरं वाचून दाखवा. फोटो मोठा केला की वाचता येतात, आणि तो पक्षी कुठे, कधी पकडला होता ते कळतं.

सावंतवाडीचो_झिल
तुमचा चललाहा ता चलांदे. मी गाइड आसंय, माका गिऱ्हाइकांचे दोनच प्रकार दिसतत. एक इलो की इचारता, "आज काय काय गावात?" दुसरो गाडीतसून उतरूच्या आधी इचारता, "घरटा खंय आसा?" पुढचं प्रमाण मराठीत लिहितो, नायतर पुण्यावाल्यांक कळूचा नाय.

तिबोटी खंड्या पावसाबरोबर इकडे येतो. ओहोळाच्या काठी मातीच्या दरडीत बीळ करतो. पिल्लं झाली की आईबाप दिवसभर सरडुल्या, बेडक्या, खेकडे आणत राहतात. समोर सात-आठ ट्रायपॉड लावले की काय होतं ते मी बघितलंय. चोचीत सापसुरळी धरून तो फांदीवर बसतो, डोकं वरखाली करतो आणि बिळाकडे जातच नाही. आतली पिल्लं उपाशी. इकडे शटर मात्र धडाधड चालू, कारण चोचीत भक्ष्य धरलेला फोटो जास्त 'चालतो'. आता मी घरटं दाखवत नाही. धंदा बुडतो थोडा, बुडू दे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये पक्ष्याच्या घरट्याला किंवा अंड्यांना त्रास देणं शिकारीच्या व्याख्येतच येतं, हे गिऱ्हाइकाला सांगितलं की तो म्हणतो, "आम्ही कुठे हात लावतोय?"

आणि अष्टागरकर, नुसते बघणारेही कमी नसतात हां. मे-जूनमध्ये नवरंगाची शीळ मोबाइलवर लावून त्याला झुडपातून बाहेर काढणारे निम्मे लोक दुर्बीणवालेच असतात. आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला समजून बिचारा घरटं बांधायचं सोडून आवाजामागे फिरतो.

अष्टागरकर
शीळ वाजवणाऱ्याला मी बघणारा म्हणतच नाही, तो बोलावणारा. यादीवाल्यांचा अहवाल मान्य. पण देशभराचे आकडे वाढले-घटले सांगतात, का ते त्या जागेवरच्या माणसालाच विचारावं लागतं. आमच्याकडे कोणत्या वर्षी पुळणीवर वाहनं फिरायला लागली, कुठल्या टोकाला पाखरांनी बसणं सोडलं, हे तुमच्या कावळ्यांच्या आकड्यात नाही.

यादीवाला_रत्नांग्री
नोंदीखाली शेरा लिहायला जागा असते. लिहा की तिथे!

नवशिकी_गुहागर
वाद चालू द्या, मला एक सांगा. आमच्या किनाऱ्यावर छोट्या चिखल्यांचे थवे असतात. पुस्तकात 'लेसर सँड प्लोव्हर' आहे, ॲप मात्र तिबेटन आणि सायबेरियन अशी दोन नावं देतं. कोणतं टाकू?

सावंतवाडीचो_झिल
ह्या यादीवाल्यांकच इचार गो.

यादीवाला_रत्नांग्री
२०२३ मध्ये ई-बर्डने त्या एका जातीच्या दोन केल्या. आपल्या किनाऱ्यावर बहुतेक तिबेटन. पण थंडीत दोन्ही सारखेच करडे, त्यामुळे तिरकी रेघ देऊन दोन्ही नावं असलेला पर्याय असतो, तो निवडा. एप्रिलमध्ये परत जाण्याआधी त्यांच्यावर तांबूस रंग चढतो, तेव्हा कपाळ बघा. तिबेटनचं काळं, सायबेरियनचं पांढरं. पांढरं दिसलं तर फोटो जोडा, नाहीतर नोंद तपासणारे विचारणार.