अल्को इंजिनांच्या आठवणी: अनुभव धागा

रेल्वेचं डब्ल्यूडीएम-२ डिझेल इंजिन म्हटलं की ज्यांचे कान टवकारतात, त्यांच्यासाठी हा धागा. १९६२ मध्ये अमेरिकेच्या अल्को कंपनीची पहिली इंजिनं आली, १९६४ पासून ती वाराणसीत बनू लागली. १६ सिलिंडर, २६०० अश्वशक्ती.

सुरुवात मीच करतो. मिरज मार्गावर तारा नव्हत्या तेव्हा महालक्ष्मी एक्सप्रेसचं विजेचं इंजिन पुण्यात काढायचे आणि डिझेल लावायचे. मध्यरात्र उलटलेली, सगळा डबा झोपलेला, मी दारात. चालकाने नॉच, म्हणजे इंजिनाच्या जोराची पायरी, वाढवला की काळाकुट्ट लोट! डिझेल लगेच वाढतं, पण टर्बो, म्हणजे आत हवा ढकलणारा पंखा, इंजिनाच्याच धुरावर फिरतो. त्याने वेग घेईपर्यंत हवा कमी पडते. खरं तर हा दोषच, पण आम्ही त्याचीच वाट बघायचो. लिहा तुम्हीही.

*

मी इंजिन चालवलेलं आहे, त्यामुळे थोडं वेगळं सांगतो. लाँग हूड, म्हणजे केबिनपुढचा लांब भाग, पुढे आला की समोर सगळं इंजिनच. वळणावर पलीकडच्या बाजूचा सिग्नल मला दिसायचाच नाही. सहायक बघून मोठ्याने सांगणार, मी तेच परत म्हणणार, मगच पुढे. पावसात चढावर चाकं घसरायला लागली की वाळू सोडायची. बाहेरून बघणाऱ्यांना धूर दिसतो. आमचं लक्ष अ‍ॅमीटरच्या, म्हणजे विजेचा प्रवाह दाखवणाऱ्या, काट्यावर.

*

अकोला-खंडवा मीटरगेज कुणालाच आठवत नाही का? तिथलं अल्को इंजिन वायडीएम-४, सहाच सिलिंडर, एका रांगेत. धुळघाटला रूळ वळसा घेऊन स्वतःच्याच डोक्यावरून जायचा. मागच्या डब्यात बसायचं, म्हणजे इंजिन खिडकीतून दिसायचं.

*

कोकण रेल्वेवर करबुडे बोगदा, साडेसहा किलोमीटर. पुढे डिझेल, आणि आमची खिडकी हट्टाने उघडी. बाहेर आलो तेव्हा रुमाल काळा आणि आई लालबुंद!
आणि एक, ईएमडीवाल्यांनी (त्या दुसऱ्या अमेरिकी कंपनीच्या डिझेल इंजिनांच्या चाहत्यांनी) रागावू नये. ती इंजिनं दमदार आहेत, पण टू-स्ट्रोक. एकसुरी घरघर. अल्को जागेवर नुसती चालू उभी असली तरी तिचा ठेका लांबून ओळखू यायचा.

*

आमचं घर इंजिनांच्या शेडला लागून होतं. इंजिनं तासन्‌तास चालूच ठेवायचे. तुमचा तो लाडका धूर आमच्या वाळत घातलेल्या चादरींवर बसायचा, त्यामुळे माझ्याकडून फार हळहळ मिळणार नाही. हॉर्न मात्र छान होता, ते मान्य.