रोजच्या वापरातील गाडीला कोल्ड एअर इनटेक बसवावा का?

घाटमाथा

बाजारात सुटा मिळणारा कोल्ड एअर इनटेक रोजच्या वापरातील गाडीला बसवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे आणि ते कारणांसह मांडतो. कारखान्यातून आलेला एअर बॉक्स, म्हणजे हवेच्या फिल्टरची पेटी, आणि त्याची नळी काढून टाकायची आणि त्यांच्या जागी रुंद, गुळगुळीत नळी व तिच्या टोकाला शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर बसवायचा, असे या संचाचे स्वरूप असते. थंड हवा दाट असते, दाट हवेत प्राणवायू अधिक असतो आणि त्यामुळे इंजिनाची ताकद वाढते, असे विकणारे सांगतात. यातील भौतिकशास्त्र खरे आहे. हवेचे तापमान ३० अंश सेल्सिअसवरून ६० अंशांवर गेले, तर तिची घनता सुमारे ९ टक्क्यांनी घटते.

मात्र हा हिशेब लागू होण्यासाठी मूळ गाडी गरम हवा घेत असली पाहिजे. आजच्या बहुतेक गाड्यांचे बॉनेट उघडून पाहिले, तर एअर बॉक्सचे तोंड पुढच्या जाळीच्या मागे किंवा फेंडरच्या पोकळीत, म्हणजे बाहेरची हवा मिळेल अशाच ठिकाणी नेलेले दिसते. चालत्या गाडीत ही हवा बाहेरच्या हवेपेक्षा थोड्याच अंशांनी गरम असते. तापमानात दहा अंशांचा फरक पडला, तर घनतेत जेमतेम तीन टक्क्यांचा फरक पडतो. तेव्हा ८५ अश्वशक्तीच्या हॅचबॅकला यातून किती मिळणार, याचा अंदाज प्रत्येकाला करता येईल. उलट, बाजारातील अनेक संचांचा फिल्टर बॉनेटखाली रेडिएटरच्या शेजारीच उघडा राहतो. हिंजवडीच्या संध्याकाळच्या कोंडीत तो इंजिनाने तापवलेली हवाच आत ओढतो, म्हणजे ज्या कारणासाठी पैसे मोजले त्याच्या नेमके उलट घडते.

ॲव्हरेज वाढते हा विकणाऱ्यांचा दुसरा दावा तर मला मुळीच मान्य नाही. पेट्रोल इंजिनात शहरी वेगाला हवेची वाट अडवतो तो थ्रॉटलचा पडदा. तो अर्धवट मिटलेला असताना त्याच्या अलीकडचा फिल्टर थोडा मोकळा केल्याने काहीच साधत नाही. चालकाने मागितलेल्या ताकदीपुरता पडदा आणखी किंचित मिटतो, एवढेच.

उष्मांक

घाटमाथा, आपला घनतेचा हिशेब बरोबर आहे, पण तो अपुरा आहे. मी नागपुरात गाडी चालवतो. येथे मे महिन्यात बाहेरची हवाच ४५ अंशांपर्यंत तापते आणि सिग्नलला थांबलेल्या गाडीत एअर बॉक्सचे प्लॅस्टिक, नळी आणि आतील हवा सारेच तापून जाते. गाडी पुन्हा सुटल्यावर ही उष्णता लगेच निघून जात नाही.

दुसरे असे की गरम हवेचा परिणाम केवळ घनतेवर होत नाही. आत येणारी हवा जितकी गरम, तितकी इंजिनात ठोका पडण्याची, म्हणजे नॉकिंगची, शक्यता जास्त. म्हणून ईसीयू, म्हणजे इंजिनाचा नियंत्रक संगणक, ठिणगीची वेळ मागे घेतो आणि त्यातही ताकद जाते. साध्या पेट्रोलवर उच्च दाबगुणोत्तराचे, म्हणजे सिलिंडरमधील मिश्रण जास्त दाबणारे, इंजिन चालवणाऱ्याला उन्हाळ्यात पिकअप मेल्यासारखा का वाटतो, याचे एक कारण हे आहे. म्हणून घनतेच्या तीन टक्क्यांवर हिशेब थांबवणे मला पटत नाही.

उघड्या फिल्टरविषयीची आपली टीका स्वस्त संचांना लागू पडते. चांगल्या संचात फिल्टर बंदिस्त पेटीत किंवा उष्णतारोधक आडोशामागे असतो, त्याचा रबरी काठ बॉनेटला घट्ट भिडतो आणि त्याला बाहेरची हवा वेगळ्या नळीने मिळते. निकृष्ट वस्तूच्या दोषांवरून संपूर्ण कल्पनाच बाद ठरवू नये.

आवाजाचा मुद्दाही मला महत्त्वाचा वाटतो. कारखान्याच्या नळीला आवाज दाबण्यासाठी रेझोनेटरची पोकळी जोडलेली असते. ती काढल्यावर इंजिन वर फिरताना जो भरदार आवाज येतो, तो ऐकून गाडी चालवण्यात मला आनंद वाटतो आणि त्या आनंदासाठी पैसे खर्च करणे मी गैर मानत नाही.

पाना-पक्कड

मी गॅरेज चालवतो, म्हणून ताकदीच्या वादात न पडता बसवण्याविषयी लिहितो. ज्या गाड्यांत आत येणारी हवा मोजणारा एमएएफ सेन्सर असतो, त्यांत नळीचा व्यास बदलणे धोक्याचे आहे. हा सेन्सर आपल्या जागेवरून जाणाऱ्या हवेचा वेग जोखतो आणि नळीचा मूळ व्यास गृहीत धरून एकूण हवेचा हिशेब लावतो. ७० मिलिमीटरच्या जागी ७६ मिलिमीटरची नळी आली की क्षेत्रफळ सुमारे १८ टक्क्यांनी वाढते, तीच हवा तेथून हळू जाते आणि सेन्सर सुमारे १५ टक्के कमी हवा नोंदवतो. ईसीयू तेवढेच इंधन कमी देतो. साध्या चालीत धुरातील प्राणवायू मोजणाऱ्या ऑक्सिजन सेन्सरच्या सांगण्यावरून ही तूट भरून निघते, किंवा फरक मर्यादेबाहेर गेला तर चेक इंजिनचा दिवा लागतो. पूर्ण ॲक्सिलरेटर दाबल्यावर मात्र बऱ्याच गाड्यांत ती तपासणी बाजूला राहते आणि इंजिनाला सर्वांत जास्त इंधनाची गरज असताना मिश्रण पातळ पडते.

तेल लावायच्या सुती फिल्टरचाही असाच त्रास आहे. धुतल्यानंतर तेल जास्त झाले, तर ते उडून सेन्सरच्या तारेवर बसते आणि वाचन चुकू लागते. आपल्याकडील अनेक छोट्या पेट्रोल गाड्यांत एमएएफऐवजी दाब मोजणारा एमएपी सेन्सर असतो. त्यांना हे दोन्ही त्रास होत नाहीत. तेव्हा संच घेण्याआधी आपल्या गाडीत कोणता सेन्सर आहे ते पाहावे. डिझेलवाल्यांनी तर या खर्चात पडूच नये. डिझेल इंजिनात हवा नेहमी गरजेपेक्षा जास्तच असते आणि ताकद ठरते ती इंधनाच्या मात्रेवर; ईसीयूची मांडणी न बदलता केवळ हवा वाढवून तेथे काहीही हाती लागत नाही.

वाशिष्ठीकाठ

कोकणात राहणाऱ्यांच्या दृष्टीने यातील सर्वांत मोठा प्रश्न पाण्याचा आहे आणि तो अजून कोणीच मांडलेला नाही, याचे आश्चर्य वाटते. खरोखर थंड हवा हवी असेल, तर फिल्टर बंपरच्या मागे, जमिनीपासून फूट-दीड फुटावर न्यावा लागतो. कारखान्याने तोंड उंचावर ठेवले आहे ते याच भीतीने.

पाणी दाबले जात नाही. १.२ लिटरच्या चार सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरचे आकारमान सुमारे ३०० घन सेंटिमीटर असते आणि दाबगुणोत्तर ११ धरले, तर पिस्टन वर पोहोचल्यावर त्याच्या डोक्यावर केवळ ३० घन सेंटिमीटर जागा उरते. त्याहून जास्त पाणी, म्हणजे चहाच्या अर्ध्या कपाहूनही कमी पाणी, आत गेले तरी पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. जुलै २०२१ मध्ये चिपळुणात आणि २६ जुलै २००५ रोजी, सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा, मुंबईत गाड्या अख्ख्याच बुडाल्या. तेथे फिल्टर कोठे होता याने फरक पडला नसता. माझी चिंता आहे ती दरवर्षीच्या साध्या पावसाची. रस्त्यावर गुडघ्याच्या खाली पाणी असते, मूळ तोंडाची गाडी त्यातून सावकाश निघून जाते आणि खाली नेलेला फिल्टर त्याच पाण्यात बुडतो. पाणी शोषले जाताना हवा दुसरीकडून घेणारी झडप काही कंपन्या देतात, परंतु झडपच पाण्याखाली गेली तर ती काय करणार?

नेहमीच्या विमा पॉलिसीत असे इंजिनाचे नुकसान परिणामी हानी म्हणून साधारणतः वगळलेले असते. त्यासाठी इंजिन संरक्षणाचे वेगळे कवच घ्यावे लागते आणि ते घेतले असले, तरी न कळवता केलेला बदल कंपनीपुढे अडचणीचा ठरू शकतो.

उष्मांक

वाशिष्ठीकाठ, पाण्याचा मुद्दा मी पूर्णपणे मान्य करतो. कोकणात फिल्टर खाली नेऊ नये. विदर्भातील कोरड्या रस्त्यांसाठी मात्र तो निर्णायक मानता येणार नाही.

टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा कंप्रेसर, असलेल्या पेट्रोल गाड्यांची बाजू अजून कोणी मांडलेली नाही, म्हणून तेही सांगतो. टर्बोच्या आधी वाटेत जेवढा अडथळा असेल, त्याची भरपाई करायला कंप्रेसरला जास्त मेहनत करावी लागते आणि हवा अधिक तापते. ट्यूनिंग करून ईसीयूची मांडणी बदललेल्या टर्बो गाडीत मूळ पेटी खरोखर अपुरी पडू शकते आणि तेथे चांगला इनटेक हा संपूर्ण कामाचा आवश्यक भाग ठरतो.

घाटमाथा

उष्मांक यांनी शेवटी जे लिहिले, त्याच्याशी मी सहमत आहे, परंतु त्यामुळे माझे मूळ विधान बदलत नाही. ट्यून केलेली टर्बो गाडी म्हणजे रोजच्या वापरातील साधी गाडी नव्हे. कारखान्याच्या मांडणीवरच चालणाऱ्या टर्बो गाडीत दाब किती ठेवायचा ते ईसीयू ठरवतो आणि टर्बोने तापवलेली हवा पुढे इंटरकूलरमध्ये थंड होते. त्यामुळे अलीकडच्या काही अंशांचा लाभ वाटेतच बराच विरून जातो. ठिणगीच्या वेळेचा मुद्दा मात्र योग्य आहे आणि तो मी हिशेबात धरायला हवा होता, हे मान्य करतो. तरीही उंचीशी तुलना करून पाहा. महाबळेश्वरला सुमारे १,३५० मीटर उंचीवर हवा समुद्रसपाटीपेक्षा जवळजवळ १२ टक्के विरळ असते आणि तो फरक घाट चढताना स्पष्ट जाणवतो. सुट्या नळीने मिळणारा लाभ त्याच्या चौथाईइतका असला, तरी मी तो मोठा मानेन.

धुळीकडेही दुर्लक्ष नको. १.२ लिटरचे इंजिन ६,००० फेऱ्यांना मिनिटाला सुमारे ३,००० लिटर हवा आत घेते. त्याच आकाराच्या कागदी फिल्टरपेक्षा मोकळा वाहणारा फिल्टर साधारणपणे जास्त बारीक धूळ आत जाऊ देतो आणि आपल्या रस्त्यांवर त्याची किंमत पिस्टनच्या रिंगांना मोजावी लागते.

कायद्याची बाजूही लक्षात घ्यावी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होतील असे बदल करता येत नाहीत आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका ठामपणे मांडली. २०१९ च्या दुरुस्तीने बदललेल्या कलम १८२-ए मध्ये मालकाने नियमबाह्य बदल केल्यास प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे. इनटेक हा गाडीचे मूलभूत वैशिष्ट्य बदलणारा फेरफार ठरतो की नाही, यावर वाद घालता येईल. कॅलिफोर्नियात प्रदूषणाच्या कसोटीवर उतरलेल्या इनटेकला तेथील हवा मंडळ आदेश क्रमांक देते आणि तो पाहून तपासणीच्या वेळी प्रश्न सुटतो. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या संचांसोबत तसा कागद मिळत नाही, त्यामुळे धोका ग्राहकाच्याच डोक्यावर राहतो.

उष्मांक

तसा कागद आपल्याकडेही मिळायला हवा, अशी मागणी आपण सर्वांनीच करायला हरकत नाही. पुण्यात एआरएआयसारखी चाचणी करणारी संस्था आहे. लाभ मोजण्याविषयी मात्र माझा आग्रह कायम आहे. ओबीडी रीडर, म्हणजे गाडीच्या सेन्सरांची वाचने दाखवणारे उपकरण, लावून आत येणाऱ्या हवेचे तापमान मूळ पेटीसह आणि नव्या इनटेकसह, त्याच दिवशी, त्याच रस्त्यावर, कोंडीत आणि ८० च्या वेगाला असे दोन्हीकडे नोंदवावे. वाचनात फरक दिसला नाही, तर तो संच त्या गाडीसाठी योग्य नाही, असे मीही म्हणेन.