मालिका विटते की माणूस विटतो?

नवीपेठ
नमस्कार मंडळी. एका दिवाळी अंकासाठी टीव्हीवरच्या एका इंग्रजी लेखाचं भाषांतर करतेय. विषय असा, की चांगली चाललेली मालिका एखाद्या भागात असं काही दाखवते की लोक 'बास आता' म्हणून रिमोट ठेवून देतात. लेखात पानापानावर 'जम्प द शार्क' येतं. मूळ गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असेल. 'हॅपी डेज' नावाची अमेरिकन मालिका होती. तिच्या २० सप्टेंबर १९७७ च्या भागात फॉन्झी नावाचा हिरो अंगात लेदर जॅकेट, पायात वॉटर स्की अशा थाटात शार्कवरून उडी मारतो. तेव्हापासून मालिकेचं ताळतंत्र सुटलं, असं पुढं मिशिगनच्या कॉलेजातल्या पोरांनी गप्पा मारताना ठरवलं आणि तो वाक्प्रचारच झाला.

मी पहिल्या खर्ड्यात लिहिलं, "या भागात मालिका विटली." आईला वाचून दाखवलं. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "मालिका कशी विटंल? माणूस विटतो. नाहीतर रंग विटतो. मालिका काय चादर हाय का?"

मला तर 'मालिका विटली' कानाला बरं वाटतंय. चालेल का? आणि त्या नेमक्या भागाला मराठीत काय म्हणायचं? अंकवाले शनिवारी मजकूर मागतायत.

मास्तर_निवृत्त
आईंचं बरोबर आहे. विटणे हे अकर्मक क्रियापद. 'मी त्या मालिकेला विटलो', 'माझं मन विटलं', 'लुगड्याचा रंग विटला'. ज्याला कंटाळा येतो तो विटतो. ज्याचा कंटाळा येतो ते विटत नाही. ओघात आणखी एक सांगतो, कारण हल्ली सर्रास चुकतं. कंटाळ्याचा वीट पुल्लिंगी, म्हणून 'वीट आला'. बांधकामाची वीट स्त्रीलिंगी. 'मला वीट आली' म्हणजे भट्टीवरून ट्रक आला.

सातरस्ता
मास्तर, आमच्या गल्लीत सगळे 'वीट आली'च म्हणतात. ट्रक काय अजून आला नाही.

आणि मला वाटतं दोन्ही वीट एकच असणार. आपल्या सोलापूर जिल्ह्यातच पुरावा आहे. पंढरीचा विठोबा अठ्ठावीस युगं एका विटेवर उभा आहे. एवढा वेळ एका जागी उभं राहिल्यावर माणसाला जे होईल ते वीट येणं.

मास्तर_निवृत्त
बांधकामाची वीट संस्कृत इष्टकेवरून आली. हिंदीत ईंट झाली, आपल्याकडं वीट. कंटाळ्याशी तिचा संबंध नाही. विठोबाला तर मुळीच वीट आलेला नाही. आला असता तर वारी कशाला चालली असती?

धोटा
मी भाषेतला नाही, मागावरचा आहे. वडिलांचे चार यंत्रमाग होते, चादरीचे. नवीपेठताईंच्या आई 'चादर हाय का' म्हणाल्या म्हणून राहवलं नाही.

आमच्याकडं रंगाला तीन शब्द होते आणि तिन्ही वेगळे. पहिल्या धुण्यात बादलीतलं पाणी लाल झालं आणि सोबतचा पांढरा बनियन गुलाबी झाला, तर रंग सुटला. चार धुण्यात कापड फिकं पडलं, तर रंग गेला. दोन्हीत दोष रंगवणाऱ्याचा. विटणं ही तिसरी गोष्ट. रंग पक्का आहे, कुणाची चूक नाही, पण ऊन खाऊन खाऊन वर्षांनी त्यातला जीव कमी होतो.

चाटी गल्लीत एका दुकानाच्या दाराला मोराची जांभळी चादर टांगलेली असायची. लहानपणापासून तीच, विकायची नव्हतीच ती, पाटीसारखी होती. मालकानं एकदा ती माझ्यासमोर काढली. रस्त्याकडची बाजू राखाडी पडली होती, मोर आहे हे माहीत असेल तरच दिसत होता. घडी उलगडली तर आतला पट्टा जांभळाधमक, कालच मागावरून उतरवल्यासारखा. मधे रेघ मारल्यासारखी हद्द. मालकाला विचारलं, कधी विटली ओ? म्हणाले, "मी रोज बघतोय, मला दिसलंच नाही."

तर माझं म्हणणं असं, की मालिका विटू शकते. 'चार दिवस सासूचे' अकरा वर्षं चालली, तीन हजारांवर भाग झाले. तिला विटायला भरपूर ऊन मिळालं. पण 'या भागात विटली' हे चूक. विटायचा दिवस सांगता येत नाही. शार्कवाल्या भागात रंग सुटला म्हणा.

नवीपेठ
दादा, हे फार कामाचं सांगितलंत. 'रंग सुटला' लिहून बघितलं. पण वाचणाऱ्याला चादर आठवेल, मालिका आठवणार नाही अशी भीती वाटतेय.

पूर्वभागवाला
पूर्व भागात एक शब्द आहे, पण तो छापला तर घोळ होईल.

आधी पूर्व भाग म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर बाहेरगावची मंडळी 'मालिकेचा आधीचा भाग' समजतील. शहराचा पूर्वेकडचा भाग, पद्मशाली वस्ती, घराघरात तेलुगू. आमचं घर त्यात एकटं मराठी. शेजारी एक अक्का होत्या, विड्या वळायच्या. रात्री साडेदहाला 'क्यूँकि सास भी कभी बहू थी' लागायची, तेव्हा त्या दुसऱ्या दिवसाची पानं कापत बसायच्या. मांडीवर सूप, ओली पानं, पानावर पत्र्याचा साचा ठेवायचा आणि कात्री कडेनं फिरवायची. नजर टीव्हीवर, पण साच्याबाहेर एक धागाभर पान जायचं नाही. आमच्याकडं टीव्ही नव्हता, म्हणून मी त्यांच्या दारात बसलेला.

त्या मालिकेत मिहिरला मारला, लोकांनी देशभर ओरड केली, मग परत आणला. ज्या रात्री तो परत आला त्या रात्री अक्कांची कात्री थांबली. म्हणाल्या, "चालु." मी आपला बसून राहिलो, चालूच आहे की. त्या परत म्हणाल्या, "चालु, चालु!" मी आवाज वाढवला. शेवटी त्यांच्या मुलानं उठून बटण बंद केलं. तेलुगूत 'चालु' म्हणजे पुरे.

अक्कांचे यजमान त्याच्या दोन वर्षं आधी गेले होते. पानं गोळा करताना एवढंच बोलल्या, मराठीत, बहुतेक मला कळावं म्हणून. "मेलेला परत येतोय व्हय? मग आमचे का येईनात?" त्यानंतर त्या घरात ती सिरीयल लागली नाही.

रात्रपाळी
@पूर्वभागवाला, हे वाचून काही सुचेना.

कन्नडमध्येही असाच शब्द आहे, 'साकु'. आमची अक्कलकोटची आजी जेवताना म्हणायची, तेच टीव्हीलाही म्हणायची. मराठीत नुसतं 'पुरे' इतकं ठाम लागत नाही. 'पुरे' म्हटलं की वाढणारी आणखी अर्धी भाकरी टाकतेच.

पण मूळ प्रश्नात एक गफलत दिसतेय. शार्कवरून उडी मारल्यावर लोकांनी 'हॅपी डेज' सोडली कुठं? ती १९८४ पर्यंत चालली, म्हणजे उडीनंतर आणखी सात वर्षं. तो वाक्प्रचार मालिकेबद्दल आहे, बघणाऱ्याबद्दल नाही. आणि अक्कांनी सोडल्यावरही 'क्यूँकि' २००८ च्या नोव्हेंबरपर्यंत चालली. मालिका बिघडण्याचा भाग वेगळा, आपण सोडण्याचा भाग वेगळा. ताईंनी एका शब्दात दोन्ही धरायला बघितलं, म्हणून आई अडल्या.

नवीपेठ
हो, बरोबर. मूळ लेखातही हे दोन्ही मिसळलेलं आहे. त्यात 'डॅलस' येते. बॉबी युइंग मेला, लोक रडले, आणि मे १९८६ मध्ये तो सरळ बाथरूममध्ये अंघोळ करताना दिसला. मधला अख्खा सीझन म्हणे बायकोचं स्वप्न. लेखिका लिहिते की तिनं तिथं ती सोडली. पण 'डॅलस' १९९१ पर्यंत चालली. मग तिथं काय विटलं, मालिका की लेखिका?

कडकभाकरी
एवढा वेळ कुणाला सुचलं नाही याचं आश्चर्य वाटायलंय. मराठीत तयार शब्द आहे. माशी शिंकली.

'ससुराल सिमर का'मध्ये २०१६ ला सिमर माशी झाली. खरोखरची माशी, मंत्रानं. आमच्या मावशी पाच वर्षं नेमानं बघत होत्या. हिरोइन माशी होऊन घरभर फिरायला लागल्यावर मावशींनी पेपरची गुंडाळी उचलली, टीव्हीकडं बघितलं आणि परत खाली ठेवली. तेव्हापासून बंद. अमेरिकेत शार्क, आपल्याकडं माशी. ज्याची त्याची ऐपत.

'कुठल्या भागात माशी शिंकली?' बघा कसं बसतंय.

सातरस्ता
नाद खुळा. विषय संपला बे, कुलूप लावा धाग्याला.

मास्तर_निवृत्त
संपला नाही. माशी शिंकणे म्हणजे ठरलेल्या कामात ऐन वेळी आडकाठी येणे. 'लग्न जमत आलं होतं, पण कुठं माशी शिंकली कोण जाणे.' त्यात काम थांबतं. या मालिका तर थांबतच नाहीत, तेच तर दुखणं आहे. शिवाय माशी कुणाच्याही नकळत शिंकते. शार्कवरची उडी सगळ्यांच्या देखत, पार्श्वसंगीतासह. वाक्प्रचार गमतीशीर दिसला म्हणून त्याचा अर्थ वाकवू नये.

कडकभाकरी
मास्तर, वापरानंच अर्थ वाकतो. 'रामायण' म्हटलं की लांबण, 'महाभारत' म्हटलं की भांडण, हे काय व्यासांना विचारून झालं?

देवगडची_माहेरवाशीण
लग्न होऊन जुळे सोलापुरात आले, तरी सकाळी उठल्यावर अजून नाक समुद्र शोधतं. शार्कला आमच्याकडे मोरी म्हणतात, लहान असेल तर मुशी. शब्द असताना शार्क कशाला? 'मोरीवरून उडी' करा.

धोटा
ताई, आमच्याकडं मोरी म्हणजे भांडी घासायची जागा. फॉन्झी लेदर जॅकेट घालून खरकट्या पातेल्यांवरून उडी मारतोय, असं दिसलं डोळ्यासमोर.

सातरस्ता
तेही चार दिवसांची भांडी साचलेली. नळाला पाणी आल्यावर घासू म्हणून ठेवलेली.

देवगडची_माहेरवाशीण
हसा. मोरीचं सागोती एकदा खाऊन बघा, मग बोला.

रात्रपाळी
पाण्यावरून आठवलं. 'पाणी घालणे' कुणीच कसं सुचवलं नाही? 'होणार सून मी ह्या घरची'त जान्हवीचं बाळंतपण किती महिने चाललं ते आठवा. आमच्या हिनं त्या काळात स्वतःचं एक बाळंतपण उरकून घेतलं. तिथं काही उडीबिडी नव्हती. रोज थोडं पाणी, रोज थोडं पाणी, आणि एक दिवस आमटीत डाळच नाही. ही माझ्या मते अस्सल मराठी पद्धत. आपण मालिका एका भागात बिघडवत नाही, आमटीसारखी वाढवतो. पाहुणे आलेत म्हणून.

सातरस्ता
उजनी भरली तरी आपल्याला चार-पाच दिवसाआड. सिरीयलला मात्र चोवीस तास.

मी त्याच वेळी ती सिरीयल बघायचं सोडून दिलो.

मास्तर_निवृत्त
'सोडून दिलं.' 'मी दिलो' हे मराठी नव्हे.

सातरस्ता
मास्तर, सोलापुरात 'मी काम केलो, मी भाकरी खाल्लो, मी सिरीयल सोडून दिलो'च म्हणतेत. आज्जा तसंच बोलायचा, बाप तसंच बोलतोय. ते मराठी नव्हे तर आम्ही काय बोलायलाव?

मास्तर_निवृत्त
कानडीच्या शेजारामुळं आलेली लकब आहे ती. घरी खुशाल बोला. भाषांतरात नको.

रात्रपाळी
कानडीमुळं आली म्हणून खालची का? कानडीत 'मी केलो' असाच हिशेब असतो, करणाऱ्याप्रमाणं क्रियापद. सरळ आहे की. 'मी केलं' म्हणताना सांगणारा बाई की बाप्या ते कळत नाही. आमच्या 'केलो'त कळतं.

मास्तर_निवृत्त
मी वर्गात अठ्ठावीस वर्षं हेच खोडत आलो.

कडकभाकरी
अठ्ठावीस! विठोबाशी बरोबरी केलीत मास्तर.

पूर्वभागवाला
हे सगळं ठीक आहे, पण 'सिरीयल लागते' हे कुठून आलं हो? गाणं लागतं, सिरीयल लागते, शेजारणीशी भांडण लागतं. पुण्याची वहिनी म्हणते, मालिका 'असते'. "आठ वाजता मालिका असते." असते काय? बाकीच्या वेळी कुठं जाते?

देवगडची_माहेरवाशीण
आमच्याकडे गलबत लागतं. बंदराला.

नवीपेठ
मंडळी, शनिवार उद्या आहे.

तूर्त लेखात शार्क ठेवलाय आणि पहिल्यांदा येतो तिथं गोष्ट सांगून टाकलीय. लेखिका 'डॅलस' सोडते त्या वाक्यात 'तिथं मी विटले' केलं, आईनं मान डोलावली. माशी एका ठिकाणी घुसवली आहे, संपादकांच्या नजरेतून सुटली तर छापून येईल. 'रंग सुटला' कुठंच बसलं नाही, धोटादादा, माफ करा.

धोटा
माफी कशाला. त्या मोराच्या चादरीचं सांगायचं राहिलं. मालकांनी ती परत टांगली, पण उलटी. आता जांभळी बाजू रस्त्याकडं आहे.

सातरस्ता
मास्तर, 'उलटी टांगली' की 'उलटं टांगलं'?